पाटीवरचं लिंबू

महबूला,
कुवेत,
रविवार, १२ ऑक्टोबर

अनुप,

आशीर्वाद पाठवते आहे, ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू बघ. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवरही केलंस, म्हणून हे तुझ्या कॉलेजच्या ईमेलवर. पत्ता वेबसाइटवर तुझ्या फोटोखालीच दिलाय, तेव्हा चोरून मिळवला असं म्हणू नकोस. फोटोत तू वाळलेला दिसतोस. मुद्दाम मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुझ्या ऑफिसात कुणाच्या नजरेस पडलं तरी तुझी शोभा होणार नाही. मागच्या वर्षी माझ्या इंग्रजीनं झाली तेवढी पुरे.

त्याबद्दल मी माफी मागणार नाही, हे आधीच सांगते. संग्रामला तू कोच आहेस त्या अमेरिकेतल्या कॉलेजात खेळायला नेलंस आणि अख्खा सीझन बाकावर बसवून ठेवलंस. डाव कुठला खेळायचा, चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, हे सगळं थोरला ठरवतो आणि धाकट्याच्या बोटाला चेंडू लागत नाही, हे कुठल्या आईला बघवेल? म्हणून मी तुमच्या मोठ्या कोचना लिहिलं, की माझा मोठा मुलगा धाकट्यावर अन्याय करतो आहे, कृपया लक्ष घालावे. ते त्यांनी सगळ्या संघासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, हा त्यांचा आचरटपणा. माझा नाही.

आणि या वर्षी बघ. काल संध्याकाळी सातला आम्ही दोघं टीव्हीसमोर. बाबांनी त्यांच्या मिरकाबच्या बँकेतल्या दोघांना बोलावलं होतं. अमेरिकेत फुटबॉल हातात घेऊन पळतात हे त्यांना पटवण्यातच बाबांचा अर्धा वेळ गेला. पण आपला संग्राम पळायला लागला आणि दोघंही खुर्च्या पुढे ओढून बसले.

तुझं गुपित मला कळलंय बरं का. मैदानाच्या कडेला तुमची पोरं त्या मोठाल्या पाट्या उंच धरतात, आतल्या खेळाडूंना डाव कळावा म्हणून. तारा, बूट, कासव, असली चित्रं असतात. त्यात एक लिंबू आहे. लिंबू वर आलं, की चेंडू संग्रामकडे. माझ्या लक्षात आलं आणि मी सोफ्यावरून उठलेच. रिग्गईला आपल्या जुन्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तुम्ही मोठी पोरं खेळायचात आणि हा मधे मधे लुडबुडायचा, तेव्हा तूच म्हणायचास, "घ्या रे त्याला, पण तो कच्चा लिंबू." म्हणजे त्यानं खेळायचं, पळायचं, पण त्याला कुणी बाद करायचं नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही. तेच लिंबू तू अमेरिकेत इतक्या लोकांसमोर उंच धरलंस. आता ते पिकलं, असंच ना? मला रडू आलं. बाबांनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं? म्हटलं, लिंबू.

एकदा जोरात आपटला. दोन धटिंगण अंगावर, हेल्मेट जमिनीवर आदळलेलं मला इथं ऐकू आल्यासारखं वाटलं. पण उठला. लगेच परत लिंबू, परत पळाला. शाब्बास!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगते. मॅच संपल्यावर त्याचा फोन आला आणि तो माझ्याशी मराठीत बोलला. हा मुलगा, ज्याला मी "जेवलास का रे" विचारलं की "आय एट, आई, आय एट" म्हणतो, तो सबंध मराठीत! लहानपणी बोलायचा तसा, लाडात. रिग्गईच्या जिन्याचं काहीतरी, दिव्याचं काहीतरी. मी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पद्मजानं तर दिवाळीच्या कार्यक्रमात मला यावर दोन शब्द बोलायला सांगितलंय. परदेशात वाढलेल्या मुलांमध्ये मातृभाषा कशी टिकवावी, म्हणे.

बघ, ब्लॉक केलेल्या आईचंही कुणीतरी ऐकतं.

आई


महबूला,
बुधवार, १५ ऑक्टोबर

अनुप,

पहिलं पत्र वाचलं नसशील तर आता वाच. वाचलं असशील तर त्यातलं शाब्बास खोडून टाक.

समोरच्या फ्लॅटमधली नूरबानू तुला आठवत असेल. रत्नागिरीची, नबीलची आई. तिला मी तीच मराठीची बढाई सांगत होते. ती चहा पिता पिता म्हणाली, "बोलला म्हणजे काय बोलला?" मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. "अगो बाय सुजाता, पोरगा जिन्याबद्दल बोलत होता, की जिन्यात होता?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. फहाहीलच्या रस्त्यावर नबीलची गाडी आदळली होती तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डोळे उघडे, बोलत होता. पण तिला म्हणत होता, दादीला हाक मार, होडी आली. दादीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि होडी तर त्यानं शाळेत असताना सुट्टीत पाहिलेली. "त्याला डोक्यात मार होता," म्हणाली. "मीपण आधी हसले होते."

मी संग्रामला फोन लावला. म्हटलं, शनिवारी माझ्याशी काय बोललास आठवतं का?

"डिड आय कॉल यू?"

एवढंच. त्यानंतर तो जे बोलला ते मी तुला सांगणार नाही, कारण त्यानं मला शपथ घातली आहे. त्याच्या स्वतःच्या डोक्याची घातली, गाढवानं. म्हणून मी तुला काहीही सांगत नाहीये. मी फक्त विचारते आहे. प्रश्न विचारू नकोस असं तो म्हणाला नव्हता.

तो खोलीचे पडदे दिवसाही ओढून का बसतो, विचारलंस का कधी? त्याचं जेवण पोटात राहतं का? तुम्ही भिंतीवर डाव काढून समजावता, तेव्हा तो बघतो, की मान डोलावतो फक्त? तुमच्या डॉक्टरांनी तपासलं असेलच. तपासताना ते त्याचं बोलणं ऐकत होते की डोळे बघत होते? कारण बोलण्यात तो कुणालाही गुंडाळतो. परीक्षेत नापास झाला तरी मला "इट वॉज फाइन" म्हणायचा, आठवतं ना?

या शनिवारचा सामना फार मोठा आहे, असं बाबा म्हणतात. तो संघ वर्षानुवर्षं तुम्हाला हरवतो. तुझ्या पाटीवर लिंबू असेलच.

उत्तर दे. एक शब्द चालेल. शिवी चालेल.

आई


महबूला,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

अनुप,

काल तुझ्या ऑफिसात फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी होती. नाव सांगितलं तर म्हणाली, "ओह, आर यू द मदर?" आणि मागे कुणीतरी हसलं. निरोप घेते म्हणाली. मी म्हटलं, माझ्या मुलाच्या डोक्याला मार लागलाय. ती म्हणाली, आमचं वैद्यकीय पथक उत्तम आहे, मॅम, आणि तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार. मोठ्या कोचना ईमेल केला, तर उलट आपोआप आलेलं पत्र. त्यात शनिवारची तिकिटं कुठं मिळतील ते होतं.

मागच्या वर्षी मी चेंडू द्या म्हणून ओरडले, या वर्षी देऊ नका म्हणून ओरडते आहे. मला वेड लागलंय असंच त्यांना वाटत असणार. मीही तिथं असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

बाबा म्हणतात, तू गप्प बस. "मागच्या वेळी तुझ्या पत्रानं अनुपची नोकरी जाता जाता वाचली. ते शिकलेले लोक आहेत, सुजाता. दुखलं असेल तर तो सांगेल." तो सांगणार नाही, हेच तर मी सांगते आहे! बाबांना झोपेतून हलवून सांगितलं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. घाबरलेत तेही. घाबरले की ते समुद्राकडे बघतात आणि हवामानाबद्दल बोलतात.

रडून तुझ्यावर परिणाम होत नाही, ठीक आहे. मग खेळाचं बोलू. मेंढीकोट तुला मी शिकवला. हुकूम हातात आहे म्हणून दर हाताला हुकूम टाकायचा नसतो, हे तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून सांगत आले. आणि तू काय करतोस? थोडंच अंतर उरलं की लिंबू. मागे पडलात की लिंबू. पाऊस आला की लिंबू. तुझ्याकडे तो लांबडा पोरगा आहे, उंच उडून चेंडू झेलणारा. त्याला तू नुसता पळवतोस, फेकत काहीच नाहीस. तो बुटका दुसरा धावणारा आहे, तो तर खुर्चीला चिकटलाय, मागच्या वर्षी संग्राम होता तसा. बाईच्या जातीला, कुवेतमध्ये, सोफ्यावर बसून तुझी खूण ओळखता येते, तर समोरच्यांना येत नसेल?

इथं मला एक दुष्ट कल्पना सुचली. त्या समोरच्या संघाच्या कोचचा पत्ताही वेबसाइटवर आहे. त्याला लिहावं, लिंबू म्हणजे संग्राम. मग तुझा डाव फुटेल आणि तुला झक मारत त्याला बसवावं लागेल. पत्र लिहूनही झालं. चांगलं इंग्रजी जमलं होतं या वेळी. पाठवायचं बटण दाबणार, एवढ्यात कळलं मी काय करते आहे ते. त्यांना कळलं की चेंडू त्याच्याकडेच येणार, तर ते सगळेच्या सगळे त्याच्यावर तुटून पडतील. मी माझ्या हातानं त्यांना माझं पोर दाखवणार होते. अनुप, मी ते पत्र पुसून टाकलं.

आता शपथ मोडते. घातलीय त्यानं त्याच्या डोक्याची, पण ते डोकंच राहिलं नाही तर शपथेचं काय लोणचं घालू?

तो म्हणाला, उजवीकडचं त्याला अधूनमधून दोन दोन दिसतं. म्हणाला, शनिवारी दुसऱ्या अर्ध्यात आपण कुणाविरुद्ध खेळतो आहोत ते त्याला आठवत नव्हतं, पाटीवर लिंबू दिसलं की पळायचं एवढंच कळत होतं. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं त्यानं आधीच विचारून ठेवली होती मित्राला. आणि म्हणाला, "डोन्ट टेल दादा. ही विल पुल मी." बाहेर बसवलं तर बसवलं, एवढं काय, म्हणून विचारलं. तर म्हणाला, दादानं पहिल्यांदाच माझ्यावर भरवसा ठेवलाय.

आणि त्या दिवशी फोनवर तो मराठीत काय म्हणाला, ते मी तुला नीट सांगितलंच नाही. लाडात बोलला म्हटलं. जसंच्या तसं सांगते.

रिग्गईच्या जिन्यातला दिवा तुला आठवतो ना. बटण दाबलं की जरा वेळ लागायचा आणि विझायचा. दाबून धरलं तरच राहायचा. संग्राम अंधाराला घाबरायचा, म्हणून तू खाली बटणावर बोट धरून उभा राहायचास. तो वर पोचून "पोचलो" म्हणून ओरडेपर्यंत बोट काढायचा नाहीस. मित्र हाका मारत असले तरी.

तो म्हणाला, "आई, दादाला सांग, दिवा दाबून धर. त्यानं बोट काढलंय. मी अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे."

मी हसले, अनुप. म्हटलं, किती छान बोलतोस रे.

आई


महबूला,
शनिवार, १८ ऑक्टोबर, संध्याकाळ

अनुप,

तू आता मैदानावर असशील, हे वाचणार नाहीस. तरी लिहिते. हाताला काहीतरी हवं, नाहीतर मी टीव्ही फोडीन. बाबा शेजारी आहेत. आज कुणाला बोलावलं नाही. नूरबानू आली आहे, तसबीहचे मणी ओढत बसली आहे.

संघ आत आला. सगळे सारखेच दिसतात रे हेल्मेटमध्ये. बाबा म्हणतात तो तिसरा. नूरबानू म्हणते तो नव्हे.

पाटी वर आली. लिंबू दिसत नाहीये. तारा आहे, कासव आहे. कॅमेरा हलला.

चेंडू त्या बुटक्याकडे गेला. आपटला बिचारा. त्याचीही आई असेल कुठंतरी.

परत पाटी. आता नीट दाखवली. जिथं लिंबू असायचं तिथं पांढरा कागद चिकटवलाय. घाईघाईनं, एक कोपरा उडतोय वाऱ्यावर. अनुप. अनुप, तू वाचलंस.

बाकावर दाखवला त्याला. हेल्मेट नाही. काळा चष्मा आणि टोपी, तुझी टोपी आहे ती, फोटोतली. गुडघ्यांवर कोपरं ठेवून खाली बघतोय. शेजारी कुणी डॉक्टरीण बसली आहे. बाबांनी टीव्हीच्या काचेला हात लावला.

समालोचक म्हणतोय, या तरुण कोचला झालंय काय, आपला सर्वांत चांगला धावणारा असा वाया घालवतात का. त्याच्या जिभेला हाड नाही. त्याला कुणीतरी गप्प करा.

तुम्ही हरलात. सपाटून हरलात. मी आज चपलांसकट देवासमोर उभी राहिले.


महबूला,
शनिवार, २५ ऑक्टोबर

अनुप,

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलू शकले नाही. तूही नाहीस. एवढा मोठा घोडा झालास, हुंदके कसले देतोस, असं म्हणायचं होतं, पण माझेच थांबेनात. तू मला म्हणालास, आई, मी त्याला दर वेळी बघत होतो आणि मला फक्त डाव दिसत होता. ते पुन्हा म्हणू नकोस. तुला कळलं तेव्हा तू कागद चिकटवलास. बास.

मोठ्या कोचनी डाव ठरवण्याचं काम तुझ्याकडून काढून घेतलं, हे तू मला सांगितलं नाहीस. बाबांनी शोधून काढलं. मला वाईट वाटलं, आणि एका कोपऱ्यात वाटलं नाही. मी अशीच आहे, तुला ठाऊक आहे.

डॉक्टर या वर्षी नाही म्हणतात. पुढच्या वर्षाबद्दल गप्प आहेत. संग्रामनं मला ब्लॉक केलंय. शेवटचा त्याचा निरोप, "यू प्रॉमिस्ड." एकानं उघडलं तर दुसऱ्यानं लावून घेतलं. मंडळात माझं भाषण होतं, मी गेले नाही. पद्मजाला सांगितलं, माझा मुलगा मराठी बोलत नाही.

पुढचं त्याच्यासाठी आहे. त्याला मराठी वाचता येत नाही, तू वाचून दाखव. खोलीत दिवा लावू नकोस, त्याला त्रास होईल. फोनच्या उजेडात वाच. इंग्रजी करून सांगू नकोस. त्याला कळतं सगळं, सोंग करतो.

संग्राम,

शपथ मी मोडली. पुन्हा घातलीस तर पुन्हा मोडीन, तेव्हा उगाच घालू नकोस. तुझ्या दादानं तुझ्यावरचा भरवसा काढून घेतला असं तुला वाटतंय. मग ऐक. तू पाच वर्षांचा असताना तो मोठ्या पोरांशी भांडून तुला खेळायला घ्यायचा, आणि म्हणायचा, याला कुणी पाडायचं नाही. तो तेच म्हणतोय, या वेळी सगळ्या गावासमोर, स्वतःची नोकरी पणाला लावून. तुला तो अपमान वाटतो. वाटू दे. मला तू या खेळात आयुष्यभर कच्चाच हवा आहेस.

काल बाबांना घेऊन मी रिग्गईला गेले. आपली इमारत आहे अजून. खाली आता केस कापायचं दुकान आहे. जिन्यातलं बटण तेच आहे, वर कुणीतरी हिरवा रंग फासलाय. मी दाबलं, सोडलं आणि चढायला लागले. तू सांगितलंस तसंच झालं, दुसऱ्या मजल्यापाशी दिवा विझला. मग खाली येऊन बाबांना म्हटलं, जा वर. गुडघे धरून, कुरकुर करत गेले. मी बोट दाबून उभी राहिले. दुकानातला माणूस बाहेर येऊन बघत होता, ही बाई कोण. शेवटी वरून बाबांचा आवाज आला, "पोचलो." तेव्हा सोडलं.

माझ्याशी बोलू नकोस. हवे तितके दिवस बोलू नकोस. मी खाली आहे, बटणावर बोट ठेवून. दुसऱ्या मजल्यावर बसायचं तर बस, दम घे, चढायचं तेव्हा चढ. अंधार होणार नाही.

वर पोचलास की सांग.

आई